डोंगरात पाणी कुठे मिळेल?

वर्षावास संपला, आश्विन पौर्णिमा झाली, की वस्त्यावस्त्यांतल्या तरुण मंडळांच्या सहली ठरू लागतात. पूर्वी एका दिवसाची बस करायची, कार्ले-भाजे पाहायचे आणि दिवेलागणीला घरी यायचे, एवढीच सहल असे. आता मुलेमुली पाठीवर सॅक टाकून दोन-दोन, तीन-तीन दिवस डोंगरात राहतात. लेणी पाहतात, किल्ला चढतात, वाडीतल्या शाळेच्या पडवीत मुक्काम करतात. फार चांगली गोष्ट आहे. त्यांच्या आया मात्र धास्तावतात आणि विचारतात, बूट कोणते घ्यावेत, थंडी किती असेल, मुलींच्या सोबत कोण जाणार. पाण्याबद्दल सहसा कोणी विचारीत नाही. पाणी काय, वाटेत मिळेलच, असे सगळे धरून चालतात.

वाचकहो, डोंगरात पाणी धरून चालता येत नाही. ज्या सह्याद्रीत पावसाळ्यात उभे राहवत नाही इतके पाणी पडते, त्याच सह्याद्रीत फेब्रुवारीत घोटभर पाण्यासाठी दीड तास उतरावे लागते. असे का होते, हे आधी समजून घेऊ. कारण समजले की पाणी शोधणे निम्मे सोपे होते.

आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा. लाव्हाचे थर एकावर एक बसून तो तयार झाला. हा कातळ स्पंजासारखा पाणी पिऊन ठेवीत नाही. वर पडलेला बहुतेक पाऊस उतारावरून धावत ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जातो. थोडे पाणी भेगांमधून आत उतरते. दोन थरांच्या मध्ये कुठे मऊ तांबडा पट्टा असतो, कुठे जाळीदार खडक असतो. आत उतरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते, आडवे सरकते आणि कड्याच्या पोटातून बाहेर पाझरते. तोच झरा. म्हणून एका डोंगरावर एक झरा सापडला, की त्याच उंचीवर, त्याच पट्ट्याने चालत गेल्यास दुसरा सापडण्याचा संभव असतो. माथ्यावर झरा शोधू नये. माथ्याच्या वर पाणी साठायला डोंगरच उरलेला नसतो.

म्हणून डोंगरातल्या पाण्याला महिना विचारावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढे वाहते असतात, चिंता नाही. डिसेंबरात धार बारीक होते. जानेवारीत ओढ्यात नुसती डबकी राहतात. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत भरवसा फक्त बारमाही झऱ्याचा, खोल टाक्याचा आणि वाडीच्या विहिरीचा, आणि त्यांचाही सगळ्यांचा नाही. मोबाईलच्या नकाशावर निळी रेघ दिसते म्हणून मुले निघतात. ती रेघ बाराही महिने निळीच असते! नकाशाला मे महिना कळत नाही.

आता टाक्यांविषयी. ज्यांनी या डोंगरात कायमचा मुक्काम केला, त्यांनी पाण्याचा विचार किती बारकाईने केला होता हे पाहायचे असेल, तर लेण्यात गेल्यावर फक्त स्तूप आणि चैत्यगृह पाहून परतू नका. बाजूला कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहा. शिलालेखात त्यांना 'पोढी' म्हटले आहे. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेकांच्या दाराशी पाण्याचे टाके आहे. वरच्या कातळावर पन्हळी खोदल्या आहेत. पावसाचे पाणी वाया न जाता त्या पन्हळींतून टाक्यात उतरावे, अशी ती योजना. टाक्याचे तोंड लहान आणि पोट मोठे. ऊन आत जात नाही, पाणी उडून जात नाही, पालापाचोळा कमी पडतो. आपल्या मोरीतल्या माठावर झाकणी ठेवावी तसेच हे. वर्षावासाचे तीन महिने भिक्खूसंघ एका जागी राहत असे. पण पाऊस गेल्यावर उरलेल्या आठ-नऊ महिन्यांची सोय त्या तीन महिन्यांत व्हायला हवी, हे ज्याने ओळखले तो कारागीर मोठा.

ही पोढी कोणी दिली, हेही कातळावर लिहून ठेवले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात लेणे आणि पोढ्या केल्याची नोंद आहे. त्याच लेखात पार, दमण, तापी अशा नद्यांवर फुकट तरी चालवल्याचे आणि दोन्ही काठांवर पाणपोया बांधल्याचेही सांगितले आहे. म्हणजे वाटसरूच्या पाण्याची सोय ही राजघराण्याने कातळावर कोरून सांगण्यासारखी गोष्ट होती. पुणे जिल्ह्यात मावळातल्या बेडसे लेण्यात एका टाक्यावर सामडिनिका नावाच्या महारठिनीचे दान कोरलेले आहे. एका बाईने दिलेले पाणी. (आपल्या वस्तीत नळकोंडाळ्यावर कोणाचे नाव लावावे, यावरून जे चालते ते आठवून हसू येते.) जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातही, नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे त्या लेण्यालगत टाकी आहेत. बैल आणि माणसे घाट चढून धापा टाकीत येत, तिथेच पाणी. जागा अंदाजाने निवडलेली नाही.

म्हणून माझे सांगणे असे की मुक्कामाची वाट ठरवताना जुनी लेणी आणि जुने घाट वाटेवर येतील असे पाहावे. विसापूर-लोहगड करायचा असेल तर पायथ्याशी भाजे आहे. जुन्या माणसांनी पाण्याशिवाय वस्ती केलेली नाही. मात्र एक लक्षात ठेवा. टाके जुने आहे म्हणून त्यातले पाणी आज पिण्याजोगे आहे असे नव्हे. कित्येक टाक्यांत गाळ भरला आहे, कित्येकांत लोक बाटल्या आणि पिशव्या टाकतात. काही ठिकाणी मंडळांची मुले उन्हाळ्यात उतरून गाळ काढतात, तिथले टाके बोलते होते. किल्ल्यावर दहा टाकी असली तरी पिण्याचे एखादेच असते. ते कोणते, हे सांगणारे माणूस पाहिजे.

डोंगरातल्या पाण्याचा विषय निघाला आणि बाबासाहेबांच्या प्रवासाची आठवण निघाली नाही, असे आपल्या घरात होणार नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्यांच्या आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिका करून छापल्या. त्यातल्या दोन आठवणी प्रवासातल्या पाण्याच्या आहेत. पहिली १९०१च्या सुमाराची. साताऱ्याहून लहानगा भीम, भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडी. बरोबर खाण्याचा डबा होता, पण पाणी कोणी दिले नाही. जवळ होते ते गुरांच्या शेणामुताने घाण झालेले. डबा असून मुले रात्रभर उपाशी राहिली. कारण पाण्याशिवाय घास उतरत नाही. दुसरी १९३४ची. सुमारे तीस कार्यकर्त्यांसह ते वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. धुळीने माखलेले लोक दारापाशी भरलेल्या हौदावर हातपाय धुवायला बसले, आणि हौद बाटवला म्हणून आरडाओरड झाली. शेवटी किल्ला पाहू दिला तो या अटीवर की आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. नजर ठेवायला हत्यारी शिपाई बरोबर दिला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ला प्यायल्यानंतर सात वर्षांनी हे घडले. तळ्याच्या दाव्याचा हायकोर्टातला निकाल तर पुढे १७ मार्च १९३७ला लागला.

आज संविधानाच्या १५व्या कलमात विहिरी, तलाव आणि घाट स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहेत. सरकारी पैशाने राखलेल्या किंवा सर्वांसाठी खुल्या केलेल्या पाणवठ्यावर तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. मुलांना घरातून निघताना हे माहीत असले पाहिजे. कोणी नाव-गाव-आडनाव विचारून पाणी द्यायचे की नाही ते ठरवू लागला, तर वाद घालत तिथे उन्हात थांबू नये. सगळ्यांनी एकत्र राहावे, जागा, वेळ आणि माणूस लक्षात ठेवावा, पुढे जावे आणि खाली उतरल्यावर रीतसर तक्रार करावी. तहानेल्या अंगाने भांडण नीट होत नाही.

पण हक्क असणे निराळे आणि पाणी असणे निराळे. ठाणे जिल्ह्यात आसनगाव स्टेशनवर उतरून माहुली किल्ल्यावर जातात. मुंबईच्या मुलांचा आवडता किल्ला. वरून तानसा तलाव चकाकताना दिसतो. १८९२पासून त्याचे पाणी मुंबईला जाते. भातसाही याच शहापूर तालुक्यात. म्हणजे परळ-वरळीच्या चाळीत आणि घाटकोपरच्या वस्तीत पहाटे नळाला येते ते इथले पाणी. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, बायका डोक्यावर हंडे घेऊन उतार चढतात. आपली मुले अशा पाड्यात मार्च-एप्रिलमध्ये पोहोचून दहा जणांच्या बाटल्या भरून मागतात, तेव्हा दोन हंडे मागत असतात. ती बाई नाही म्हणणार नाही. तांब्या पुढे करील. तिची एक खेप वाढली, हे आपल्याला कळले पाहिजे. अशा दिवसांत पिण्यापुरतेच घ्यावे, आंघोळ आणि भांडी विसरावीत, आणि शक्य असेल तर हंडा घेऊन तिच्याबरोबर एक खेप आपल्या पोरांनी करावी. पैसे पुढे करण्यापेक्षा ते बरे दिसते.

आणि तीच बाई तुमचा खरा नकाशा आहे. पाण्याची चौकशी पाणी भरणाऱ्या माणसाकडेच करावी. चहाच्या टपरीवाल्याला विचाराल तर तो "आहे की वर भरपूर" म्हणेल. गेल्या पावसाळ्यात तो वर गेला असेल, किंवा तुमचा हिरमोड करायला नको म्हणून म्हणेल. विचारायचीही रीत आहे. "गडावर पाणी आहे का?" या प्रश्नाला उत्तर 'हो'च येते, कारण टाके आहेच. असे विचारावे:

"मावशी, तुम्ही वर कधी गेला होता?"

"परवाच गेलती, लाकडाला."

"मग कुठलं पाणी प्यायलात?"

"पहिलं टाकं हाये ना वाटंला, त्यातलं ढोरं पित्यात. माणसाचं वर हाये, कातळाखाली. भांडं बुडतंय अजून."

बघा, चार वाक्यांत किती मिळाले! पाणी आहे, कोणते प्यायचे, किती उरले आहे, आणि ही बातमी परवाची आहे. गुराख्यालाही असेच विचारावे, कारण त्याची गुरे दुपारी पाण्यावर न्यावीच लागतात. दोन वेगवेगळ्या माणसांनी एकच टाके सांगितले, तर खरे धरावे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात पायथ्याच्या वाडीत कोणाला तरी फोन करून ठेवणे सर्वात उत्तम. आपल्यापैकी अनेकांचे पाहुणे त्या बाजूला असतातच.

कोणीच भेटले नाही तर? डोंगर स्वतः थोडे सांगतो. गुरांच्या पायवाटा इकडून तिकडून येऊन एकत्र मिळत खाली उतरू लागल्या, की पुढे पाणी असते. संध्याकाळी होले आणि पारवे एकाच बाजूला खाली जाताना दिसले, तर तिकडे पाहावे. कोरड्या ओढ्याच्या वळणावर, बाहेरच्या काठाखाली वाळू ओली लागली, तर हातभर खणून झिरा काढता येतो. पहिले गढूळ पाणी उपसून टाकावे आणि थांबावे. उंबर आणि जांभूळ यांवरून पाणी ओळखण्याची जुनी रीत आहे, ती खोटी नाही. पण उंबराची मुळे जिथवर पोहोचतात तिथवर आपला हात पोहोचत नाही. उंबराखाली पाणी असेल, पण ते आपल्या बाटलीत येईलच असे नाही. या खुणा अडचणीच्या वेळच्या आहेत. त्यांच्या भरवशावर घरून रिकाम्या बाटल्या घेऊन निघू नये.

पाणी मिळाले, आता ते प्यायचे कसे? दिसायला नितळ म्हणजे शुद्ध नव्हे. टाक्यात बेडकांची पिले, मासे दिसले तर पाण्यात विष नाही एवढेच समजते. वरच्या अंगाला माकडे, वटवाघळे, गुरे असली तर हगवणीची भीती राहतेच. आधी स्वच्छ सुती कापडाची चौपदरी घडी करून गाळावे. हे कापडाचे काम किरकोळ समजू नका. पायातून हातभर लांब दोरा बाहेर येई त्या नारूची आठवण जुन्या माणसांना असेल. पायऱ्यांच्या विहिरीत आणि टाक्यांत उतरून भरलेल्या पाण्यातल्या बारीक किड्यांवाटे तो पोटात जाई. औषध नव्हते, लस नव्हती. पाणी गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि किड्यांवर औषध टाकणे, एवढ्यावर तो आजार देशातून गेला. शेवटचा रोगी १९९६ साली सापडला, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

गाळल्यावर उकळावे. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे होते, आपल्या डोंगरांच्या उंचीला त्याहून जास्त नको. लेण्यात चूल पेटवू नये. धुराने कातळ काळा होतो आणि संरक्षित ठिकाणी तो गुन्हाही आहे. लहान स्टोव्ह न्यावा आणि मुक्कामाच्या जागी उकळावे. ते जमत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा औषधाच्या दुकानात मिळतात. प्रमाण पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घ्यावे, आणि घातल्यावर अर्धा तास थांबावे. तहानेली मुले इथेच घाई करतात. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतो, म्हणून आधी निवळू द्यावे.

किती न्यावे, हा हिशेब आईने स्वतः करावा, पोरांवर सोडू नये. थंडीच्या दिवसांत चालताना माणशी तासाला अर्धा लिटर लागते, उन्हात त्याहून बरेच जास्त. पायथ्यापासून निघताना माणशी तीन लिटर, आणि फेब्रुवारीनंतर चार. एक लिटर म्हणजे एक किलो ओझे. पोरे कुरकुरतील. कुरकुरू द्यावे. कपड्यांचा एक जोड काढून टाकावा, बाटली काढू नये. चिवडा, फरसाण असले कोरडे आणि खारट पदार्थ कमी, काकडी, संत्री आणि भिजवलेली मटकी जास्त. पुढचे पाणी हातात आल्याशिवाय मागचे संपवायचे नाही, आणि जवळचे निम्मे संपले तरी सांगितलेले टाके दिसले नाही, तर तिथूनच मागे फिरायचे. हे गटाच्या म्होरक्याने घरून निघतानाच सर्वांसमोर सांगून ठेवावे. वर गेल्यावर मागे फिरण्याचा विषय काढला, की कोणी तरी "घाबरलास काय" म्हणतेच.

लघवी गडद पिवळी होऊ लागली, डोके दुखू लागले, चालणारा गप्प गप्प झाला, तर सावलीत बसवावे. एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे. साखर-मिठाची पुडी घरूनच मोजून बांधून द्यावी, डोंगरात चमचे मोजत बसायला नको. असंबद्ध बोलू लागला, अंग तापून कातडी भाजल्यासारखी लागली, तर तो उन्हाचा झटका. कपडे सैल करून अंग ओले करावे, वारा घालावा आणि ताबडतोब खाली दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

सामानात आणखी एक गोष्ट घालावी, ती दुकानदार सांगणार नाही. पंधरा हात बारीक मजबूत दोर आणि कडीचा लहान डबा. मार्चमध्ये टाक्यातले पाणी खाली गेलेले असते, कडेला शेवाळ असते, आणि वाकून बाटली भरायला गेलेला मुलगा घसरतो. टाकी आतून किती खोल आहेत ते वरून दिसत नाही, आणि गुळगुळीत कातळाला धरायला काही नसते. पोहता येणाऱ्यांनीही उतरू नये. दोराने डबा सोडावा, वर काढावा, बाटल्या भराव्यात, आणि हातपाय धुवायचे ते टाक्यापासून दहा पावले दूर, उताराच्या बाजूला. आपल्यामागून संध्याकाळी गुराखी यायचा असतो.